निगेटिव्ह कोणाकडे आहे?

प्रश्न : मी सेलूची. पोस्टात नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी घरामागच्या परसात फोटो काढते, कधी मोबाईलवर, कधी भावाच्या जुन्या कॅमेऱ्यावर. जांबाचं झाड, कढीपत्ता, शेवगा आणि न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली केळ, एवढंच माझं जंगल. गेल्या जूनमध्ये काढलेला मृगाच्या किड्याचा फोटो आता एका तेल विकणाऱ्याच्या जाहिरातीत आहे. कढीपत्त्यावरच्या अळीचा फोटो 'चावली की पाच मिनिटांत मृत्यू' अशा मजकुरासह आमच्याच गल्लीच्या ग्रुपवर आला. दोन्हींतून माझं नाव कापलंय. भावकीतले एक जण म्हणाले, 'फेसबुकवर टाकलं की ते सगळ्यांचंच होतं.' खरं काय? काही करता येईल का? की फोटो टाकणंच बंद करू? दोन्हींच्या मूळ फाईली सोबत पाठवते.

उत्तर : ताई, शेवटचा प्रश्न आधी घेतो. टाकणं बंद करू नका. बाकीचं सविस्तर सांगतो, जरा लांबेल.

मूळ फाईली पाठवल्यात हे फार चांगलं केलंत. अशी तक्रार घेऊन येणारे बहुतेक जण चोरलेल्या फोटोचा स्क्रीनशॉट दाखवतात आणि मूळ कुठाय विचारलं की 'मोबाईल बदलला हो' म्हणतात. तिथंच निम्मं भांडण हरल्यात जमा असतं.

मी परभणीत स्टुडिओ चालवतो, रोलच्या जमान्यापासून. सुरुवातीच्या वर्षांत गावातल्या एका बड्या माणसाचा मी काढलेला फोटो दुसऱ्या एका स्टुडिओवाल्याने आपला म्हणून पत्रकात छापला. प्रकरण आमच्यातल्या एका वयस्कर फोटोग्राफरपुढे गेलं. त्यांनी दोघांचा आरडाओरडा ऐकून घेतला, चहा पाजला आणि एकच विचारलं, "निगेटिव्ह कोणाकडे आहे?" मी पट्टी काढून दिली. चौदा, पंधरा, सोळा, सलग तीन फ्रेमा. छापली होती ती पंधरावी. चौदावीत त्याच माणसाचे डोळे मिटलेले. पट्टी दिव्यासमोर धरून ते म्हणाले, "संपलं." चोरणारा चांगला फोटो उचलतो. डोळे मिटलेला माणूस त्याच्याकडे कधीच नसतो.

तुमच्या किड्याच्या फोल्डरमध्ये मला आधी तेच दिसलं. ०४११, ०४१२, ०४१३ अशा ओळीने तीन फाईली आहेत. जाहिरातीत वापरलाय तो ०४१२, तोही कापून. ०४११ मध्ये किडा नीट फोकसमध्ये नाही आणि डाव्या बाजूला तुमच्या चपलेचा अंगठा आलाय. तो पुसू नका, फाईल उडवू नका. तो अंगठा म्हणजे तुमचा डोळे मिटलेला माणूस.

आता भावकीतल्या जाणत्यांचं. 'फेसबुकवर टाकलं की सगळ्यांचं' हे मोंढ्यात पोत्यावर बसून बोलायला ठीक आहे, कायदा तसं म्हणत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटो ज्याने काढला तो त्याचा कर्ता, आणि शटर दाबलं त्या क्षणी हक्क तयार होतो. नोंदणीची अट नाही, गोलातला 'सी' छापायची अट नाही. पूर्वी फोटोला प्रकाशनापासून ६० वर्षांचं संरक्षण होतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोही चित्राच्या रांगेत आला, म्हणजे काढणाऱ्याची हयात आणि पुढे ६० वर्षं. फेसबुकला तुम्ही तो फोटो दाखवायची, वापरायची परवानगी देता, मालकी देत नाही, आणि ती परवानगी त्या कंपनीच्या सेवांपुरती असते. तेलवाला त्यात कुठे बसत नाही.

गंमत अशी की लग्नाचे जे फोटो मी पैसे घेऊन काढतो त्यांचा पहिला हक्क, वेगळं काही ठरलं नसेल तर, गिऱ्हाईकाचा असतो. मी तीस वर्षं फोटो काढूनही माझ्या मालकीचे थोडे, आणि तुमच्या परसातले सगळे तुमचे. मृगाच्या किड्याने तुम्हाला सुपारी दिली नव्हती.

'फोटो साभार : गुगल' हा आणखी एक प्रकार. गुगल काही कॅमेरा गळ्यात अडकवून सेलूला आलं नव्हतं. साभार म्हणजे परवानगी नव्हे, आणि चुकीच्या माणसाचे आभार तर त्याहून नव्हेत. कर्त्याचं नाव लागण्याचा हक्क त्याच कायद्याच्या ५७ व्या कलमात वेगळा दिलेला आहे. फोटो विकून टाकला तरी तो तुमच्याकडेच राहतो.

मात्र प्रत्येक वापर चोरी नसतो हेही लक्षात ठेवा. शाळेतल्या बाईंनी वर्गात शिकवताना तुमची अळी दाखवली, कुणी अभ्यासासाठी स्वतःपुरती उतरवून घेतली, कुणी तुमच्या फोटोवर टीका करताना तो दाखवला, तर कायदाच त्याला मोकळीक देतो. लेकरानं प्रकल्पाच्या वहीत चिकटवला तर मी उलट मोठी फाईल पाठवून देतो.

तेलवाल्याकडे येऊ. मृगाचा किडा, मखमली किडा, जुन्या संस्कृतात इंद्रगोप. आपल्याकडे तो दिसला की पेरणीचा विषय निघतो, पण शास्त्राच्या हिशेबाने तो किडाही नाही. पाय मोजा, आठ भरतील. कोळ्या-विंचवांच्या कुळातला तो. त्याची पिल्लं नाकतोड्यासारख्या कीटकांच्या अंगाला चिकटून त्यांचा रस पितात. वाढलेला किडा वर्षातला बहुतेक काळ जमिनीखाली काढतो आणि पहिल्या दमदार पावसानंतर थोडे दिवस वर येतो. तेवढ्यातच त्याचं खाणं, त्याचं जोडीदार शोधणं. उत्तरेकडे याला बीरबहूटी म्हणतात. तिथं हे बिचारे गोळा करून, वाळवून त्यांचं तेल अर्धांगवायूवर आणि पुरुषी ताकदीवर म्हणून विकलं जातं. तुमचा फोटो असलेली जाहिरात त्याच जातीची. म्हणजे जो जीव तुम्ही चिखलात पोटावर पडून जिवंत टिपला, तो मारून काढलेल्या तेलाची बाटली तुमच्या फोटोनं खपतेय. तुमचा राग मला समजतो.

पण रागात खाली शिव्या लिहू नका. अजून लिहिलं नसेल तर थांबा. सगळे घाईत तीच चूक करतात. चोर सावध होतो, पोस्ट उडवतो आणि महिन्याने दुसऱ्या नावाने परत टाकतो. तुमच्याकडे पुरावा उरत नाही.

आधी गुपचूप गोळा करा. जाहिरातीचा पूर्ण पडदा, वरचा पत्ता आणि तारीख-वेळ दिसेल असा पकडून ठेवा. शक्यतो संगणकावरून, कारण मोबाईलच्या ॲपमध्ये पत्ता दिसत नाही. पानाच्या नावावर जाऊ नका, ते रात्रीत बदलतं. दुवा उतरवून घ्या. ती पैसे भरून चालवलेली जाहिरात असेल तर मेटाच्या, म्हणजे फेसबुकच्या कंपनीच्या, ॲड लायब्ररीत त्या पानाच्या चालू जाहिराती कुणालाही पाहता येतात आणि प्रत्येकीला एक क्रमांक असतो. आपल्याकडे साधी व्यापारी जाहिरात बंद झाली की तिथून दिसेनाशी होते, म्हणून तो क्रमांक आजच टिपा. साध्या वेबसाइटवर असेल तर वेबॅक मशीन या जुनी पानं साठवणाऱ्या साइटवर त्या पानाची प्रत जतन करून ठेवता येते. मग टिनआय आणि गुगल लेन्स या फोटोवरून फोटो शोधणाऱ्या सेवांवर फोटो टाकून आणखी कुठे फिरतोय ते बघा. टिनआयवर 'सर्वात जुना' असा क्रम लावता येतो. तुमच्या आधी कुणी टाकलेला दिसत नाही, हेही एक साक्षीचं काम करतं.

तुमच्या पुराव्यात एक खोट आहे, ती दुसऱ्या बाजूने काढायच्या आधी मीच काढतो. भावाच्या कॅमेऱ्याचं घड्याळ बंद पडलेलं आहे. फाईलमधली तारीख १ जानेवारी आहे, तीही काही वर्षांपूर्वीची. जुन्या कॅमेऱ्यात आत एक बारकी बॅटरी असते, ती मेली की मुख्य बॅटरी काढताच घड्याळ मूळपदावर जातं. तुमच्या मनात येईल की सॉफ्टवेअरने तारीख दुरुस्त करून टाकावी. मुळीच करू नका. मूळ फाईलला हात लागला की ती मूळ राहत नाही, आणि 'तारीख बदलली' एवढं एक वाक्य समोरच्या वकिलाला पुरतं. त्याऐवजी कॅमेऱ्याच्या चुकीच्या घड्याळाचा आणि शेजारी मोबाईलच्या बरोबर घड्याळाचा एक फोटो काढून ठेवा. कॅमेऱ्याच्या तळाचा अनुक्रमांक लिहून ठेवा. बऱ्याच कॅमेऱ्यांत तो फाईलच्या आतही नोंदलेला असतो. त्याच संध्याकाळी तुम्ही फेसबुकवर टाकलेली पोस्ट १२ जूनची आहे, तिचा दुवा जोडा. आणि खरं सांगू का, फोटोच तारीख सांगतोय. भिजलेली काळी माती, तिच्यात रुतलेलं शेवग्याचं कोवळं पान आणि वर आलेला मृगाचा किडा. हा देखावा आपल्याकडे जानेवारीत दाखवा, मी स्टुडिओ बंद करतो.

म्हणून मी नवशिक्यांना वही ठेवायला सांगतो. शंभर पानी, मोंढ्यातली. 'शनिवार, सकाळी सात, रात्री पाऊस, न्हाणीच्या कडेला चार मखमली किडे, एक वाळवीजवळ', एवढी एक ओळ पुरे. आज ती निसर्गाची नोंद आहे, उद्या भांडण लागलं तर तीच तुमची निगेटिव्ह. ही दोन कामं वेगळी आहेत असं वाटून लोक एकही करत नाहीत.

पुरावा जमला की तक्रार. मेटा, यूट्यूब, गुगल, सगळ्यांचे कॉपीराइटच्या तक्रारीचे अर्ज असतात. त्यात तुमचं नाव, मूळ फोटोचा दुवा, चोरीच्या पोस्टचा दुवा आणि 'हा माझा फोटो आहे, मी परवानगी दिलेली नाही' हे साध्या शब्दांत लिहायचं. साधं 'रिपोर्ट' बटण दाबून 'स्पॅम' निवडू नका, ते वेगळ्या रांगेत जातं आणि तिथंच मुरतं. तुमचं नाव आणि ईमेल समोरच्याला कळू शकतं, म्हणून तक्रारीसाठी वेगळा ईमेल काढा. यूट्यूबवर ९० दिवसांत असे तीन फटके बसले की चॅनलच बंद होतो, त्यामुळे तिथले लोक लवकर वठणीवर येतात.

वेबसाइट भारतातली असेल तर २०१३ च्या कॉपीराइट नियमांतला ७५ वा नियम कामाचा आहे. लेखी तक्रार मिळाल्यावर तो मजकूर साठवणाऱ्याने ३६ तासांत तिकडची वाट बंद करायची असते, आणि तुम्ही २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा उघडू शकतो. सराईत मंडळी हे एकवीस दिवस मोजत बसतात, हे ध्यानात असू द्या.

तेलवाल्याच्या बाबतीत मात्र मी कॉपीराइटपेक्षा दुसरी पहार वापरीन. १९५४ चा एक कायदा आहे, औषधांच्या आणि जादूटोण्यासारख्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा. पुरुषी ताकद वाढवून देतो, अर्धांगवायू बरा करतो, अशी औषधाची जाहिरात करायलाच त्यात बंदी आहे. या जाहिरातीत दोन्ही दावे ठळक अक्षरांत आहेत. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्या, छापील प्रती जोडा, पोच घ्या. फोटो कोणाचा, या वादात तो 'मला नेटवर मिळाला' म्हणून महिनाभर खेळवेल. बाटलीवरच्या दाव्याला तसं उत्तर नाही.

आणि त्याला पत्र लिहायचंच असेल तर धमकीचं लिहू नका. नाव, दुवा, तारीख, मागणी, मुदत. बस. बिनबुडाची धमकी दिली तर समोरचाच कॉपीराइट कायद्याच्या ६० व्या कलमाखाली तुमच्याविरुद्ध दावा लावू शकतो. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, त्या काठावर जाऊन आलोय. काही वर्षांपूर्वी माझा दयाळ पक्ष्याचा फोटो, नळाच्या तोटीवर बसलेला, एका संकेतस्थळावर दिसला. खाली माझं नाव होतं, पण विचारलं कुणी नव्हतं. मी चार ओळींचं कडक पत्र धाडलं, नुकसानभरपाईचा आकडा टाकून. त्यांनी शांतपणे उत्तर दिलं : तुम्हीच हा फोटो निसर्गनोंदींच्या साइटवर चढवताना 'नाव द्या आणि वापरा' असा परवाना निवडला होता, हा घ्या दुवा. पाहिलं तर खरंच. चढवताना कुठलासा चौकोन न वाचता टिचकी मारलेली. क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे अटी घालून सगळ्यांना वापर मोकळा करणारा, परवाना एकदा दिला की ज्याने तो घेतला त्याच्याकडून परत मागता येत नाही. मी माफी मागितली. तो दयाळ अजून तिथं आहे, खाली माझं नाव आहे, आणि माझ्या तोंडाला कुलूप.

म्हणून तुम्हीही कुठे काय निवडलंय ते आज रात्री बसून तपासा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर न बदलता ठेवलं तर 'नाव देऊन, व्यापाराशिवाय' असा परवाना लागू असतो. मला तो ठीक वाटतो, अभ्यासकांना उपयोग होतो आणि तेलवाला त्यात बसत नाही. विकिपीडियाला फोटो पुरवणाऱ्या विकिमीडिया कॉमन्सवर मात्र व्यापारी वापराला मोकळीक दिल्याशिवाय फोटो घेतच नाहीत. द्यायचा असेल तर समजून द्या. माझे बरेच द्यायचे म्हणून दिलेले आहेत.

आता अळी. हे प्रकरण मला तेलापेक्षा जास्त गंभीर वाटतं, आणि इथं कायद्याचा हात तोकडा आहे. व्हॉट्सॲपवर फोटो गेला की त्याच्या आतली सगळी माहिती गळून पडते, कुणी पहिल्यांदा टाकला ते सापडत नाही, आणि पुढे ढकलणारे सगळे आपल्याच गल्लीतले भले लोक असतात. कोणाकोणाला नोटीस द्याल?

२०२२ चा पावसाळा आठवा. घोणस अळीच्या बातम्या आल्या, बीड-आष्टीकडून सुरू झाल्या आणि आठवड्यात सगळ्या मराठवाड्यात पसरल्या. ती अळी खरी होती. तिच्या काट्यांत विष असतं, लागली की आग होते, कुणाला त्रास जास्तही होतो. पण व्हॉट्सॲपवर 'चावताच मृत्यू' झालं आणि शेतात पडलेल्या मृतदेहांचे दुसऱ्याच घटनेतले फोटो तिला जोडले गेले. माणसं कपाशीत, उसात पाय टाकायला घाबरली. कीटकशास्त्रज्ञांनी खुलासे केले, पण खुलासा कधी अफवेइतका पळतो का? त्या मृतदेहांचे फोटोही कुणीतरी कुठूनतरी उचललेलेच होते. फोटोवरून कुठला, कधीचा, कुणी काढलेला, हे पुसलं की त्याला काहीही म्हणायला लावता येतं. तुमच्या अळीचं तेच झालंय.

तुमची अळी मी मोठी करून पाहिली. कॉमन मॉरमॉन या फुलपाखराची ती शेवटच्या अवस्थेतली अळी आहे. लिंबाळी फुलपाखराची अळीही अशीच असते आणि लिंबावर-कढीपत्त्यावरच वाढते, पण पाठीवरच्या पट्ट्यांवरून मला ही मॉरमॉनची वाटते. समोर दिसतात ते दोन डोळे डोळे नाहीतच. ते छातीच्या भागावरचे ठिपके आहेत. खरं डोकं खाली दुमडून लपवलेलं आहे. आणि ज्या लालसर दुभंगलेल्या 'जिभे'मुळे सगळे हादरले, ती जीभ नाही. डिवचलं की ही अळी डोक्यामागून तो दुशिंगी अवयव बाहेर काढते, त्याला आंबूस उग्र वास येतो, मुंग्या आणि इतर किरकोळ शत्रू पळतात, आणि पाच-दहा सेकंदांत ती तो परत आत ओढून घेते. चावत नाही, डसत नाही, माणसाला काही करत नाही. कढीपत्त्याची पानं तेवढी संपवते. सापाचं सोंग इतकं झकास की पक्षी फसतो, तसे तुमच्या ग्रुपवरचे दोनशे लोक फसले. अळीच्या दृष्टीने काम फत्ते!

तुमच्याकडे या अळीची सगळी मालिका आहे हे मला फोल्डरवरून दिसलं. पानावरचं मोत्यासारखं अंडं, मग पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी लहान अळी, मग हिरवी, मग देठाला कंबरपट्टा बांधून बसलेला कोश, मग फुलपाखरू. चोराकडे यातलं फक्त एक चित्र आहे. तुम्ही पाचही चित्रं एका कोलाजात घ्या, प्रत्येकाखाली तारीख टाका, 'माझ्या सेलूच्या घरामागची, मीच वाढताना पाहिलेली' एवढं लिहा आणि त्याच ग्रुपवर टाका. 'माझा फोटो चोरला' हे वाक्य त्यात आणू नका. लोक चोरीच्या तक्रारीवर हुं करतात, पण अळीचं फुलपाखरू झालेलं पाहून पुढे पाठवतात. ज्या वाटेनं अफवा गेली त्याच वाटेनं हेही जाईल, निदान अर्ध्या वाटेपर्यंत. ॲडमिन ओळखीचे असतील तर जुना संदेश काढायला सांगा. आमच्या इकडं 'काका, लेकरं घाबरताहेत' म्हटलं की काम होतं.

पोलीस आणि कोर्टाबद्दल थोडक्यात. जाणूनबुजून कॉपीराइट मोडणं हा गुन्हा आहे. ६३ व्या कलमात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सांगितलं. तुमचं नाव मुद्दाम खोडणं किंवा फाईलमधून काढणं यावर ६५ब हे वेगळं कलम आहे. दिवाणी दावा तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या न्यायालयात लावता येतो, चोराच्या गावी जावं लागत नाही, ही मोठी सोय. पण ठाण्यात गेलात तर 'फोटोच आहे ना बाई' ऐकावं लागेल ही तयारी ठेवा, आणि वकिलाची फी तेलाच्या बाटलीपेक्षा नक्कीच जास्त असते. एका फोटोसाठी मी कोर्टात जाणार नाही. तोच माणूस वारंवार करत असेल, कमावत असेल, तर जाईन. त्यासाठी आधी नोंदणी करून ठेवलेली बरी. शुल्क एका कलाकृतीला ५०० रुपये, व्यापारी मालाशी संबंध असेल तर २ हजार. सगळ्या फोटोंची करत बसू नका, दोन-चार हुकमी असतील तेवढ्यांची करा. आणि स्क्रीनशॉट कोर्टात चालवायचे तर नव्या साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमाचं प्रमाणपत्र लागतं. त्यावर मोबाईल किंवा संगणक ज्याच्या ताब्यात आहे त्याची आणि एका तज्ज्ञाची सही लागते, मसुदा वकील करून देतात.

पुढे टाकताना काय करावं? मोठी फाईल टाकू नका, लांब बाजू १२०० पिक्सेल पुरे. मोबाईलवर छान दिसतं आणि नीट छापायला गेलं तर चार इंचांपुढे फुटायला लागतं. अर्थात फ्लेक्सवाल्यांना फुटलेलंही चालतं. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर साहेबांच्या डोक्याशेजारी माझा मोर चौकोन-चौकोन होऊन नाचताना मी पाहिलाय. '७२ डीपीआय करून टाका म्हणजे चोरता येत नाही' असं कुणी सांगेल, त्याला काही अर्थ नाही. डीपीआय हा छपाईचा आकडा, इथं पिक्सेल मोजतात. नाव कोपऱ्यात टाकाल तर दोन बोटांनी कापलं जातं. विषयाच्या अंगाला लागून, पानाच्या शिरेवर, बारीक टाका. तेही आता सॉफ्टवेअर पुसतं, पण मुद्दाम पुसावं लागतं, आणि मुद्दाम पुसलं हे आपल्याला दाखवता येतं. फोटोवर आडवं मोठं नाव छापू नका, मग तो फोटो कशाला काढला? सगळ्यात उपयोगाची युक्ती माझ्या मते ही : टाकताना चारही बाजूंनी थोडं कापून टाका आणि पूर्ण फ्रेम घरी ठेवा. दोन डिस्कवर, दोन वेगळ्या जागी. एक माहेरी ठेवा म्हणा ना.

आणि मोबाईलच्या कॅमेऱ्यातलं ठिकाण दाखवणं बंद करा. एक तर तुमचं घर त्यात आहे. दुसरं, आपल्याकडे मांडूळ आणि घुबड यांचे गिऱ्हाईक फोटो बघूनच येतात. दुतोंडी म्हणून, पैशाचा पाऊस पाडतो म्हणून मांडूळ लाखांत विकायला निघालेल्या टोळ्या पकडल्याच्या बातम्या तुम्हीही वाचता. तुमच्या शेवग्याच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी आहे असं फोल्डरवरून दिसतं. त्यांचा फोटो टाका, पण 'सेलू' एवढंच लिहा, गल्ली नको आणि ढोलीही फ्रेममध्ये नको. घरट्याचा फोटो तर पिल्लं उडाल्यावरच टाका.

एक किरकोळ सूचना, फोटोग्राफर म्हणून. मृगाच्या किड्याचा लाल रंग तुमच्याकडून जळलाय. मखमलीची लव जिथं दिसायला हवी तिथं सपाट लाल डाग आहे. कॅमेऱ्याला काळी माती दिसते, तो प्रकाश वाढवतो आणि लाल फुटतो. पुढच्या वेळी एक्सपोजर, म्हणजे प्रकाश, दोन तृतीयांश स्टॉप कमी ठेवा आणि पडद्यावर तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे दाखवणारा पर्याय चालू करा. तुमच्या कॅमेऱ्यात 'रॉ'ची, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या मूळ फाईलची, सोय असेल तर तेही सुरू करा. ती फाईल चोराला कधीच मिळत नाही.

आता पुन्हा ०४११ उघडा. चपलेच्या अंगठ्यापासून बोटभर वर, डाव्या कडेला, एक पारदर्शक पातं चिखलाला चिकटलेलं दिसेल. मला वाटलं गवत आहे. मोठं केल्यावर शिरा दिसल्या. तो वाळवीचा पंख आहे, आणि पंखाखाली वाळवीही आहे, अजून जिवंत असावी. ०४१२ मध्ये किडा तिच्या दिशेने वळलाय. तुम्ही टाकताना नेमकी तीच बाजू कापलीत, त्यामुळे जाहिरातवाल्याकडे ती नाही. ०४१३ मध्ये पंख तिथंच आहे, वाळवी नाही. पहिल्या पावसात उडणाऱ्या वाळव्या हे या किड्याचं मुख्य खाणं, हे वाचून माहीत होतं, पण आपल्या भागातली अशी ओळीची तीन चित्रं मी पाहिलेली नाहीत. कॅमेऱ्याचं घड्याळ बंद असलं तरी दोन फोटोंमधलं अंतर त्याने बरोबर मोजलंय, ०४१२ आणि ०४१३ मध्ये चार मिनिटं आहेत. त्या चार मिनिटांत तुम्ही काय पाहिलंत ते आठवतंय का? आठवत असेल तर वहीत लिहा आणि मला कळवा.